ताईच्या लग्नात गणपती का नव्हता?

प्रिय सानू,

काल फोनवर विचारलंस, "ताईच्या लग्नात गणपती नाही, मंगलाष्टका नाहीत, नुसता होम. मग हे लग्न हिंदू कसं?" बाजूला आजी होती, म्हणून फोनवर फार बोललो नाही.

लग्न आर्य समाजी पद्धतीचं होतं. दयानंद सरस्वतींनी १८७५ साली मुंबईत आर्य समाज स्थापला. त्यांचं म्हणणं, धर्माला आधार वेदांचा आणि वेदांमध्ये मूर्तिपूजा नाही, म्हणून मूर्ती नको. अग्नी मात्र आहे. खाली निमुळतं होत गेलेलं ते तांब्याचं कुंड, पळीभर तूप पडलं की "स्वाहा", मग सप्तपदी. सगळं वेदातल्या मंत्रांवर. हिंदूपण सोडलेलं नाही, उलट जुन्या मुळाशी जायचा हट्ट आहे.

कोल्हापुरात हा हट्ट रुजायला कारण वेगळं. १८९९ च्या कार्तिकात शाहू महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानाला जायचे. भटजी स्वतः अंघोळ न करताच यायचे आणि पुराणोक्त, म्हणजे वेदांतले नव्हे तर पुराणांतले, मंत्र म्हणायचे. का? तर महाराज शूद्र, त्यांना वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांनी विधी करून घ्यायचा, अधिकार नाही. अगं, छत्रपतींना! प्रकरण इतकं पेटलं की राजोपाध्यांची, म्हणजे राजघराण्याच्या पुरोहितांची, इनामं जप्त झाली. दयानंद तर सांगून गेले होते की वेद सगळ्यांचे, बायकांचे आणि शूद्रांचेसुद्धा. महाराजांना हे पटणारच. १९१९ मध्ये त्यांनी राजाराम कॉलेज आर्य समाजाच्या हाती दिलं.

गंमत म्हणजे, महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजालाही महाराजांचा पाठिंबा होता. फुले तर वेदांनाच प्रमाण मानत नव्हते. पंडितांना हा गोंधळ वाटेल, मला नाही वाटत. महाराजांचं भांडण मूर्तीशी नव्हतंच, मंत्र कुणी म्हणायचा यावर होतं. अंबाबाई देवळात राहिली, भवानी मंडपातली तुळजाभवानीही जागची हलली नाही.

म्हणून तुझी आत्या घरी हवन करते आणि नवरात्रात अंबाबाईची ओटीही भरते. कट्टर आर्य समाजी नाक मुरडतील, पण कोल्हापुरात कोण कुणाचं ऐकतंय?

आजीपुढे मात्र "मूर्तिपूजा वेदात नाही" असलं काही काढू नकोस. तिचं उत्तर जेवणं आटोपली तरी संपत नाही.

तुझा,
बाबा