कर्ज फिटलं, आता आठवड्याच्या ठरावीक पैशांत घर कसं चालवायचं?

तुम्ही लिहिलंय की शेवटचा हप्ता जाऊन दोन महिने झाले. पुन्हा कर्जात पडायचं नाही म्हणून आठवड्याला ठरावीक रक्कमच खर्चायची असं ठरवलंत, पण दोन्ही महिन्यांत तिसऱ्या आठवड्यात गणित मोडलं. माझंही अगदी असंच झालं होतं, म्हणून लिहिते आहे.

आमचा शेवटचा हप्ता जुलै २०२५ मध्ये गेला. ऑगस्टच्या ५ तारखेला खात्यातून काहीच कापलं गेलं नाही, आणि खरं सांगते, मी बँकेचं ॲप उघडून दोनदा बघितलं. महिन्याला ८,५०० रुपये मोकळे झाले होते. २२ तारखेला त्यातला रुपयाही उरला नव्हता. मोठं असं काही घेतलं नव्हतं. राखीला ननंदेला साडी, मिक्सरचं नवीन भांडं, तीन-चार वेळा बाहेरचं जेवण, मुलाचे बूट आणि बाकी दीडशे-दोनशेचं किडुकमिडुक. स्टेटमेंट घेऊन बसले तरी निम्म्या ओळी कशाच्या होत्या ते आठवेना. हप्ता होता तेव्हा पैसे नव्हते, पण शिस्त बँकच लावत होती. आता ती आपली आपण लावायची होती.

कर्ज कसं झालं ते थोडक्यात सांगते. २०१९ मध्ये मिस्टरांनी मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, त्यासाठी पर्सनल लोन घेतलं. पुढच्या मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि दुकान बंद पडलं ते पडलंच. सहा महिने हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली, ती आम्ही घेतली. व्याज चालूच राहणार आणि मुदत लांबणार, हे तेव्हा नीट कळलं नव्हतं. मधल्या काळात घरखर्च क्रेडिट कार्डावर गेला आणि माझ्या बांगड्या पतसंस्थेत. कार्डावर ८०,००० रुपये थकले होते. महिना साडेतीन टक्के म्हणजे २,८०० रुपये व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ५०४. मी दर महिन्याला किमान रक्कम म्हणून ४,००० भरत होते, त्यातले मुद्दलात जेमतेम ७०० जात होते. हे मी कागदावर मांडलं त्या रात्री मला झोप लागली नाही. मग आधी कार्ड संपवलं, कार्डाचे पैसे बांगड्यांकडे वळवले, बांगड्या सुटल्या आणि शेवटी लोन संपलं.

आठवड्याचा हिशोब मी आईकडून उचलला. आई सिन्नरला बिड्या वळायची. पानं भिजवायची, कातरायची, तंबाखू भरून दोऱ्याने बांधायची. मजुरी हजार बिड्यांमागे, त्यातूनही खराब निघालेल्या बिड्या बाजूला काढल्या जायच्या. पैसे आठवड्याने मिळायचे आणि ती म्हणायची, “आज हप्ता झाला.” हप्ता हा शब्दच मुळी फारसीतल्या हफ्त, म्हणजे सात, यावरून आलेला आहे. आईच्या तोंडी हप्ता म्हणजे घरात येणारे पैसे, माझ्या तोंडी तो सहा वर्षं घरातून जाणारे पैसे झाला होता. ती घरी आली की आधी दुकानदाराची मागची उधारी द्यायची, मग पुढच्या बाजारापर्यंतचं मीठ-मिरची-तेल आणायची आणि उरलेले पदराच्या गाठीत बांधायची. पुढच्या हप्त्यापर्यंत ती गाठ सुटायची नाही. एखादा आठवडा चुकला तरी चूक सात दिवसांचीच असायची. महिन्याच्या हिशोबात आपण १० तारखेला चुकतो आणि ३० तारखेपर्यंत भोगतो.

आता आमचे आकडे सांगते, म्हणजे तुम्हाला तुमचे मांडता येतील. आम्ही नाशिकला सिडकोत राहतो, घरात तिघं. मी अंबडच्या एका कंपनीत स्टोअरला आहे, मिस्टर ड्रायव्हर आहेत. दोघांचे मिळून हातात ३३,००० येतात. भाडं ७,५००, शाळेची फी आणि व्हॅन २,६००, आईला २,०००, मेडिक्लेम आणि विम्यासाठी १,३००, वीज-गॅस-मोबाईल १,९००. हे झाले १५,३००. त्यानंतर ६,००० बचत, तीही ५ तारखेलाच, जुन्या हप्त्याच्या तारखेला. उरले ११,७००.

इथेच मी पहिल्यांदा चुकले आणि मला वाटतं तुम्हीही इथेच चुकताय. उरलेल्या पैशांना चारने भागू नका. चार आठवड्यांचे दिवस अठ्ठावीसच होतात. बारा महिन्यांचे तसे अठ्ठेचाळीस आठवडे, आणि वर्षात असतात बावन्न. चार आठवड्यांचा खर्च हिशोबातच नसतो, आणि तो शेवटी कार्डावरच जाऊन बसतो. म्हणून ११,७०० ला बाराने गुणायचं, १,४०,४०० येतात, त्याला बावन्नने भागायचं. आठवड्याला बरोबर २,७००.

हे २,७०० सगळे खर्चायचे नाहीत. ४५० दर आठवड्याला वर्षाच्या डब्यात जातात. आम्ही खरोखरचा स्टीलचा डबा ठेवलाय, वर चिठ्ठी चिकटवलेली आहे: धान्य ८,०००, जूनमधली वह्या-पुस्तकं-गणवेश ६,०००, गाडीचा विमा आणि सर्व्हिसिंग ३,४००, दिवाळी ६,०००. एकूण २३,४००, म्हणजे बावन्न वेळा ४५०. हे खर्च दर वर्षी येणारच असतात, तरी दर वर्षी आपण ते अचानक आल्यासारखे धरतो. तुमचा तिसरा आठवडा बहुतेक असल्याच कशाने तरी मोडत असणार. सिलेंडर संपला, बिल आलं, मुलाच्या शाळेने काही मागितलं, आणि ते भाजीच्या पैशांतून गेलं. एकदा तो आठवडा उघडून बघा. असा खर्च निघाला तर तो आठवड्यातून काढा आणि महिन्याच्या नाहीतर वर्षाच्या खात्यात टाका.

राहिले २,२५०. किराणा मी महिन्यातून एकदाच भरते, कारण आठवड्याला पाव किलो-अर्धा किलो घेतलं की महाग पडतं. आईला तेल पावशेराने घ्यावं लागायचं आणि ती आमच्याहून जास्त भाव द्यायची. म्हणून किराण्यासाठी ७०० बाजूला टाकते. दूध ४२०, भाजी आणि फळं ४००, पेट्रोल ३५०. उरतात ३८०, त्यात अंडी, केस कापणं, डोकेदुखीची गोळी आणि एखाद्या रविवारी तिघांची मिसळ.

आठवडा कोणत्या वारी सुरू करायचा, याला फार महत्त्व आहे. मी आधी शनिवारी करायचे. हातात नवे पैसे आणि समोर सुट्टी, त्यामुळे सोमवार उजाडेपर्यंत निम्मे संपलेले असायचे. आता आमचा आठवडा बुधवारी सुरू होतो, कारण गोदाघाटावर बुधवारचा बाजार भरतो. कंपनीतून सुटले की थेट तिकडे जाते. संध्याकाळी उशिरा, पालं आवरायच्या वेळी भाव उतरतात. मेथीची जुडी थोडी मलूल असते, पण रात्रीच निवडून फडक्यात गुंडाळून ठेवली तर शुक्रवारपर्यंत चालते. बुधवारी सुरुवात केली की शनिवार-रविवार बरोबर मधे येतो. तेव्हा हातात मोजकेच पैसे असतात आणि पुढे सोमवार-मंगळवार काढायचे असतात, हे डोक्यात राहतं.

मंगळवार हा ओढाताणीचा दिवस. भाजीची टोपली रिकामी होते. त्या दिवशी आमच्याकडे हुलग्याचे शेंगोळे असतात. हुलग्याच्या पिठात थोडी कणीक, लसूण-जिऱ्याचं वाटण, तिखट, मीठ, हळद घालून घट्ट मळायचं. तळहातावर तेल लावून वळ्या वळायच्या आणि फोडणीच्या उकळत्या पाण्यात एकेक सोडायच्या. पाणी आधी पातळ दिसतं, मग पीठ सुटून त्याचाच दाट रस्सा होतो. वर कच्चं तेल, सोबत भाकरी. मुलगा दहा वर्षांचा आहे, तो आता माझ्याबरोबर वळायला बसतो. त्याचे जाड होतात, आतून कच्चे राहू नयेत म्हणून मी ते आधी सोडते. या जेवणाला भाजी लागत नाही, आणि कमीपणाही वाटत नाही. काटकसरीत हे फार लागतं. शेवटच्या दिवशीचं जेवण आवडीचं असेल तर आठवडा तुटत नाही. पिठलं, मटकीची उसळ, चिंचगुळाची आमटी, तुमच्या घरी जे आवडीने खातात ते मंगळवारसाठी राखून ठेवा.

फोनवरून पैसे देण्याचं मी असं केलंय. पगाराच्या खात्याला यूपीआय जोडलेलंच ठेवलं नाही. किमान रक्कम ठेवावी न लागणारं दुसरं खातं आहे, त्यात दर बुधवारी किराण्याचे ७०० सोडून १,५५० टाकते. भाजीवालीपासून पेट्रोलपंपापर्यंत सगळं त्यातूनच जातं. खातं रिकामं झालं की फोनच नाही म्हणतो, मला स्वतःशी भांडावं लागत नाही. काय उरलं ते रोज रात्री कालनिर्णयवर त्या तारखेच्या चौकोनात लिहिते, आई दुधाचा हिशोब लिहायची तसं. पुढच्या आठवड्यातून उचल घ्यायचीच झाली तर २०० च्या वर नाही, आणि तीही लागोपाठ दोन आठवडे नाही. आत्तापर्यंत एकतीस आठवडे झाले, त्यातले सहा मोडले.

६,००० बचतीतले २,००० पोस्टाच्या आरडीत, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम भरायच्या ठेवीत जातात. ती पाच वर्षांची असते आणि तीन वर्षांच्या आत मोडता येत नाही, म्हणून सगळे तिथे टाकू नका. ४,००० बँकेत वेगळ्या खात्यात, आजारपण किंवा नोकरी गेली तर म्हणून. आमचा महिन्याचा सगळा खर्च २७,००० आहे. तीन महिन्यांचे ८१,००० जमवायचे आहेत, जवळपास तेवढेच, जेवढे एकेकाळी कार्डावर थकले होते. वीस-एकवीस महिने लागतील.

आणखी एक काम या महिन्यातच करा. बँकेकडून नो ड्यूज सर्टिफिकेट, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला घ्या आणि हप्त्याचा ऑटो डेबिट रद्द झालाय का ते तपासा. क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या कर्जांच्या नोंदींचा अहवाल, वर्षातून एकदा सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून फुकट मिळतो. त्यात तुमचं खातं ‘क्लोज्ड’ दिसलं पाहिजे. पूर्ण भरूनही ‘सेटल्ड’ दिसत असेल तर लगेच लेखी तक्रार करा, कारण सेटल्ड म्हणजे बँकेने कमी पैशांवर तडजोड केली असा अर्थ निघतो. आणि कर्ज नीट फिटलं की प्री-अप्रूव्ह्ड लोनचे फोन सुरू होतात, तेही गोड बोलून. मी आता वाक्य पुरं होईपर्यंतही थांबत नाही.

माणसांना नाही म्हणणं त्याहून अवघड आहे. आम्ही मोकळे झालो हे कळताच मिस्टरांच्या एका जुन्या मित्राने जामीन राहता का विचारलं. माणूस चांगला आहे. पण त्याने भरलं नाही तर बँक जामीनदाराकडूनही तितक्याच हक्काने वसूल करते, आणि ते आपल्याही रिपोर्टवर येतं. मिस्टरांनी नाही म्हटलं. दोन महिने तो बोलत नव्हता, ते मिस्टरांना लागलं, मला दिसत होतं. तरी आम्ही बदललो नाही.

कुठे कात्री लावायची नाही हेही ठरवून ठेवा. आमच्याकडे मेडिक्लेम, मुलाचं दूध-अंडी आणि आईचे २,००० यांना कधीच हात लागत नाही. आईकडे महिन्यातून एकदा मी जातेच. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, त्याचा मोठा आधार आहे.

पहिली दिवाळी कठीण गेली, कारण सप्टेंबरमध्ये सुरू केलं होतं आणि डब्यात सातच आठवड्यांचे ३,१५० होते. तेवढ्यातच केली. चिवडा, शंकरपाळे, मुलाला कपडे, आम्हा दोघांना काही नाही. आता एप्रिलमध्ये त्याच डब्यातून दीड क्विंटल गहू रोखीने घेतले. मागची सहा वर्षं पाच-पाच किलो कणीक विकत आणत होतो. दोन दिवस गच्चीवर वाळवले, कडुनिंबाचा पाला मुलाने आणला, कोठीत एक थर गहू, एक थर पाला असं त्यानेच भरलं. आई आली होती. तिने झाकण लावायच्या आधी हात खोल घालून मूठभर दाणे वर काढले आणि एक दाताखाली फोडून बघितला.

तुमच्या घरात माणसं किती आणि तुमच्याकडचा बाजार कोणत्या वारी, ते लिहा. बावन्नने भागून आकडे मांडून देते.