सासूबाई पहाटे चारला कुणासाठी उठतात?

पत्र

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी अल्झायमरचं निदान झालं. लालबागच्या चाळीत त्या गिरणी कामगारांची खाणावळ चालवायच्या, सगळे त्यांना ‘वहिनी’ म्हणायचे. आता आम्ही कांदिवलीत अकराव्या मजल्यावर राहतो. पहाटे चारला उठून त्या स्वयंपाकघरात भांडी काढतात. संध्याकाळी ‘मला घरी जायचंय, माणसं जेवायला येतील’ म्हणत दाराशी उभ्या राहतात. डॉक्टरांनी सुचवलं, म्हणून मी त्यांच्या आयुष्याचं साठ पानी फोटोबुक छापून आणलं. रोज रात्री जेवणानंतर एकेक फोटो दाखवून ‘हे कोण, ओळखा’ विचारायचे. चौथ्या दिवशी त्यांनी ते भिरकावलं. सासऱ्यांचा फोटो बघून तर ‘हे गेले? मला कुणी सांगितलंच नाही’ म्हणून रडत बसल्या. त्यांना सांभाळायला ब्यूरोकडून येणारी बाई दर महिन्या-दीड महिन्याला बदलते आणि ‘माझे पैसे बुडवले’ असा आळ सासूबाई तिच्यावर घेतात. हे पुस्तकाचं सगळं बंद करू का?

– एक सून, कांदिवली

उत्तर

ताई,

पुस्तक असू द्या, परीक्षा तेवढी थांबवा. ‘ओळखा पाहू’ म्हटलं की सासूबाईंना दोन गोष्टी कळतात: उत्तर यायला हवं, आणि ते येत नाहीये. फोटोबुक भिरकावलं ते त्यामुळे.

अल्झायमरमध्ये मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर निकामी व्हायला लागतो. नवी आठवण साठवायचं काम त्याच्याकडे असतं. म्हणून सकाळचा चहा पुसला जातो आणि विशी-तिशीतलं बरंच काही पुष्कळ काळ शाबूत राहतं. पण शाबूत असलेलंही ‘सांगा’ म्हटल्यावर बाहेर येत नाही. नाव आपण पुरवलं तर त्याच्या मागचं कधी कधी आपोआप येतं. तेव्हा वाक्य तुम्ही बोला: ‘हा चाळीचा जिना. डबे घ्यायला मुलं इथं उभी राहायची.’ मग दहा-पंधरा सेकंद गप्प बसा. इतका वेळ गप्प राहणं फार जड जातं, पण त्यांना शब्द जुळवायला तेवढा लागतो. ‘आठवतं का?’ हे दोन शब्द घरातून हद्दपार करा. त्यांनी काही चुकीचं सांगितलं, थोरल्या मुलाला दीर म्हटलं, तरी दुरुस्त करू नका. ‘हो का? मग काय झालं?’ एवढं पुरे.

वेळही बदला. रात्री जेवणानंतर त्या दमलेल्या असतात. सकाळी आंघोळ-चहा झाल्यावर, दहा-अकराच्या सुमाराला, चष्मा आणि असेल तर कानाचं यंत्र लावून, टीव्ही बंद करून बसा. समोर बसू नका, शेजारी बसा. दहा-पंधरा मिनिटं झाली किंवा नजर भिरभिरायला लागली की मिटवा.

साठ पानं फार झाली. नवं पुस्तक बारा-पंधरा पानांचं करा. एका पानावर एकच फोटो, निदान पोस्टकार्डाएवढा, आणि खाली एक वाक्य, २४ पॉइंट किंवा मोठ्या काळ्या अक्षरात. ग्लॉसी कागद आणि प्लास्टिकची पाकिटं नकोत. ट्यूबलाइट त्यावर चमकते आणि चेहरा दिसेनासा होतो. जाड मॅट कार्ड घेऊन रिंग फाइलमध्ये लावा, म्हणजे ती टेबलावर सपाट उघडते आणि पानं काढता-घालता येतात. मूळ फोटो स्कॅन करून कपाटात ठेवा, एखादं पान फाटलं तरी मग जीव खालीवर होणार नाही. पंचवीस माणसांचा लग्नातला ग्रुप फोटो उपयोगाचा नाही, त्यातली दोन माणसं कापून मोठी करा. आणि पानं सालवार लावण्याचा हट्ट सोडा. ‘गाव’, ‘चाळ’, ‘खाणावळ’, ‘गणपती’ अशी जागांनुसार लावलीत तर कुठूनही उघडता येतं.

हे झालं त्यांच्या हातात द्यायचं पुस्तक. पण आयुष्यकथेचा खरा वाचक तुमच्या घरातली बाकीची माणसं आहेत, आणि तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची ओळ खाणावळीची आहे. सकाळच्या पाळीला जाणाऱ्यांचे डबे वेळेत भरायचे तर चूल पहाटेच पेटवायला लागायची. सासूबाई चारला उठतात त्या कामावर उठतात. ‘झोपा, अजून रात्र आहे’ म्हणणारी माणसं त्यांच्या दृष्टीनं कामात खोडा घालणारी आहेत.

आधी सुरक्षितता. पाइपचा गॅस असेल तर शेगडीमागची चावी, सिलिंडर असेल तर रेग्युलेटर, रात्री न चुकता बंद. सुऱ्या आणि किसणी कुलपात. मग त्यांना काम द्या. रात्रीच ओट्यावर चार स्टीलचे डबे, एक कोरडं फडकं आणि अर्धी जुडी मेथी काढून ठेवा. डबे पुसायचे, झाकणं लावायची, भाजी निवडायची. झाकण नीट न बसणारा डबा आधीच बाजूला काढा, तिथं अडलं की सगळं बिनसतं. कणीक मळायला दिलीत तर बघा, बोलताना अडखळणारी बाई पाणी किती घालायचं हे कुणाला विचारत नाही. हाताला मुरलेली कामं मेंदूत वेगळ्या वाटेनं साठवलेली असतात, ती उशिरा जातात. त्यांनी निवडलेली मेथी त्यांच्यादेखत पुन्हा निवडायला घेऊ नका. हातात येईल ते तोंडात घालायला लागल्या असतील तर मटार, कच्चे दाणे, लसूण देऊ नका, ठसका लागून घुसमटायची भीती असते.

सगळंच मात्र खाणावळीच्या खात्यावर टाकू नका. रात्रीची जाग एकाएकी वाढली, एक-दोन दिवसांत गोंधळ किंवा भास सुरू झाले, तर लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ, दुखणं किंवा नवं औषध यातलं काही असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

संध्याकाळच्या ‘घरी जायचंय’ला ‘हेच तुमचं घर’ हे उत्तर चालत नाही. त्यांच्या घराला लाकडी जिना आणि कॉमन गॅलरी होती, तुमच्याकडे लिफ्ट आहे. अंधारायच्या आधी सगळे दिवे लावा आणि पडदे ओढा. काळोख पडला की खिडकीच्या काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसतं आणि घरात परकं माणूस शिरल्यासारखं वाटतं. साडेपाचला चहा आणि काहीतरी खायला द्या, पुष्कळदा पोटात भूक असते. मग विचारा, ‘वहिनी, आज माणसं किती? भाजी कुठली करायची?’ ताटं पुसायला द्या. तरी दाराकडे गेल्याच तर ओढाताण न करता पॅसेजमध्ये एक फेरी मारून आणा. खिशात नाव आणि तुमचा फोन नंबर लिहिलेलं कार्ड हवं, आणि वॉचमनला त्यांचा चेहरा माहीत हवा.

सासऱ्यांचा फोटो पुस्तकात ठेवा, पण हार घातलेला नको. भिंतीवर तसा असेल तर तोही उतरवून त्या जागी त्यांचा तरुणपणीचा, बिनहाराचा लावा. हार दिसला की सासूबाईंना ती बातमी प्रत्येक वेळी नव्यानं कळते. ‘हे कुठे आहेत?’ या प्रश्नाला दर वेळी मृत्यूची बातमी देऊ नका. ‘त्यांची आठवण येतेय ना? त्यांना तुमच्या हातचं काय आवडायचं?’ इकडे वळा. ‘ते गेले का गं?’ असं रोखून विचारलं तर खोटं बोलू नका. हात धरून एकदा ‘हो’ म्हणा, रडू द्या आणि जवळ बसा.

आता पैशांचा आळ. चोरीचा संशय हे या आजाराचं नेहमीचं लक्षण आहे, त्यात बाईचा दोष नाही, हे तिला पहिल्याच दिवशी सांगा. पण ‘बुडवले’ हा शब्द आम्हाला खटकला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि पगार थांबल्यावर पुष्कळजण गावी निघून गेले. खाणावळी महिन्याच्या उधारीवर चालायच्या. तुमच्या सासूबाईंच्या वहीतली बाकी तेव्हा वसूल झाली का, हे यजमानांना किंवा चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांना विचारा. नसेल झाली, तर ‘कुणी बुडवले नाहीत हो’ हे वाक्य त्यांना किती झोंबत असेल बघा. त्यापेक्षा ‘किती येणं होतं? वहीत लिहून ठेवूया’ म्हणा, आणि खरंच लिहा. कनवटीला बटवा आणि त्यात दहा-दहाच्या चार-पाच नोटा असू द्या.

संप, एखादं गेलेलं मूल, घरातली भांडणं, असे दुखरे भाग त्यांच्या पुस्तकात घालायचे नाहीत. ते घरच्यांनी माहीत करून घ्यायचे. सासूबाईंनी स्वतःहून विषय काढला तर ऐकायचं, ‘जाऊ दे’ म्हणून मिटवायचं नाही. आणि एक विनंती, थोडी कडक: ही पानं कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. गोष्ट त्यांची आहे. कुणाला दाखवायची ते त्यांनाच विचारा, शब्दांत उत्तर आलं नाही तरी चेहऱ्यावर येतं.

ब्यूरोच्या बाईला पुस्तक वाचायला वेळ नसतो. तिच्यासाठी एकच कागद करा आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवा:

हाक: वहिनी. आजी म्हणू नये.
पूर्वीचं काम: खाणावळ. पहाटे उठतात, रागावू नये, डबे पुसायला द्यावेत.
चहा: किती साखरेचा, कपात की बशीत.
आंघोळ: किती वाजता, आधी पाय की आधी डोकं.
चिडल्या तर: कोणतं भजन, कोणतं काम.
आपणहून बोलू नये: सासरे वारल्याचं, पैशांचं.

बाईला मराठी वाचता येत नसेल तर हेच हिंदीत, दोन मिनिटांच्या व्हॉइस मेसेजमध्ये द्या. बदली बाई आली की तोच पुढे पाठवायचा.

माहिती जमवताना सनावळीच्या मागे लागू नका. सासूबाईंच्या बहिणीला किंवा जुन्या शेजारणीला फोन करून विचारा: लहानपणी हाक काय मारायचे, गावची बोली कोणती, कोणत्या देवाला नवस, कशाची भीती, कशाचा अभिमान. बोली विचाराच. पुढे पुढे प्रमाण मराठी मागे पडून माहेरची बोली वर येते, आणि तिच्यातले चार शब्द बाईला येत असले तर जेवण सोपं होतं. गिरणगावातल्या खाणावळवाल्या बायकांसाठी प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं होतं. सासूबाई त्यात होत्या का, तेही विचारा. तेव्हाचा एखादा फोटो निघाला तर त्याला एक पान द्या.

त्यांना लालबागला नेऊन जुनी चाळ दाखवावी, असं कुणीतरी सुचवेलच. चाळीच्या जागी टॉवर उभा असेल तर नेऊ नका. त्याऐवजी लालबागच्या मसाला गल्लीतून त्यांच्या पद्धतीचा मसाला कुटून आणा आणि डबा त्यांच्यासमोर उघडा.

यानं आजार थांबत नाही, आणि पुस्तक एकदा करून संपतही नाही. दर दोन-तीन महिन्यांनी पानं चाळा. ज्या फोटोवर त्या आता थांबत नाहीत तो काढून ठेवा. पुढे वाक्यं वाचणं सुटेल, तेव्हा फोटो आणखी मोठे करा आणि पानं पाच-सहावर आणा. सध्या मात्र या आठवड्यात हाराचा फोटो उतरवा, गॅसच्या चावीचं बघा आणि तो एक कागद लिहून काढा. पुस्तक छापायला महिना लागला तरी चालेल.