गटाच्या लोनमधून डाळ मिल घ्यावी, शेळ्या घ्याव्या का बोअर मारावा?

या आठवड्यात मोबाईलवर बरेच प्रश्न आले, त्यातले तीन बचत गटाच्या पैशाबद्दलच आहेत म्हणून एकत्रच सांगतो.

वाशीमकडच्या एका ताई विचारतात, गटात 11 जणी आहेत, दोन वर्षं बचत नियमित आहे, पण बँकेत म्हणतात एकीच्या नवऱ्याचं पीककर्ज थकलंय, आधी ते भरा मग गटाचं बघू. ताई, असं अडवता येत नाही हो. रिझर्व्ह बँकेच्या सूचनाच आहेत की एखाद्या सदस्याची किंवा तिच्या घरच्यांची थकबाकी असली तरी गट स्वतः थकबाकीदार नसेल तर गटाचं कर्ज सहसा अडवू नये. फक्त जी सदस्य स्वतः थकबाकीदार असेल तिला त्या कर्जातून पैसे द्यायचे नाहीत, एवढंच. पहिलं कर्ज गटाच्या निधीच्या सहा पट किंवा दीड लाख, जे जास्त असेल ते, आणि 10 लाखापर्यंत तारण नाही. भांडायला जाऊ नका, उमेदच्या (ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या) सीआरपी ताईला, म्हणजे गावात गटांचं काम बघणाऱ्या ताईला, किंवा बँकेत गटांना मदत करणाऱ्या बँक सखीला सोबत न्या, आणि गटाच्या बैठकीची, हिशेबाची वही नीट न्या. मी बघितलंय, निम्मे गट वहीवरच अडकतात, बैठक झाली म्हणतात आणि हजेरीत सगळ्या सह्या एकाच पेनच्या, एकाच अक्षरातल्या!

दुसरा प्रश्न यवतमाळचा, मिनी डाळ मिल घ्यावी का शेळ्या. खरं सांगू का, गट म्हणजे एकत्रच धंदा केला पाहिजे असं कुठं लिहिलेलं नाही. 1999 ला स्वर्णजयंती स्वरोजगार योजना आली तेव्हा बरेच गट अनुदानासाठीच तयार झाले आणि अनुदान मिळाल्यावर वही कुणी उघडलीच नाही. म्हणून मी म्हणतो पहिलं कर्ज वाटून घ्या, जिला शेळ्या जमतात तिनं शेळ्या, जिला शिलाई येते तिनं मशीन. शेळ्या घ्यायच्या तर एकदम 10 शेळ्या 1 बोकड नको, उस्मानाबादी जातीच्या दोन-तीनच घ्या, गाभण काळ पाच महिन्यांचा असतो, म्हणजे तोवर हप्ता मजुरीतूनच भरावा लागणार हे धरून चाला. पावसाळ्याच्या आधी आंत्रविषाराची लस, पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस आणि विमा, आणि कानातला बिल्ला हरवू देऊ नका, बिल्ला नसला की क्लेमला फार त्रास होतो.

डाळ मिल वाईट नाही, अकोल्याच्या पीडीकेव्हीची (पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची) मिनी डाळ मिल गावपातळीला चांगली चालते, पण तूर निघाल्यावर दोन-तीन महिनेच काम असतं, बाकी वर्षभर मशीन झाकून. क्विंटलभर तुरीतून 70-75 किलो डाळ धरा, उरलेली चुनी आणि टरफल शेळ्यांना चालतं, म्हणून आधी शेळ्या आणि दुसऱ्या कर्जाला मिल असा क्रम मला बरा वाटतो. पीएमएफएमईचं, म्हणजे केंद्राच्या छोट्या अन्नप्रक्रिया उद्योगांच्या योजनेचं, 35 टक्के अनुदान बघून हुरळून जाऊ नका, ते कर्जाला जोडलेलं असतं, रोख हातात येत नाही, तीन वर्षांनी कर्जात वळतं होतं. आणि मिल कुणाच्या घरात बसवायची, लाईट बिल कुणी भरायचं, दळायला कोण बसणार हे ठरावात लिहून घ्या, भांडणं तिथंच होतात.

तिसरा प्रश्न एका दादांचा, बायकोच्या गटातून लोन काढून बोअर मारू का? नको दादा. गटाचा हप्ता महिन्याला येतो, तुमचं सोयाबीन दिवाळीला, मधले महिने वहिनी बैठकीत मान खाली घालून बसणार, आणि बोअर कोरडा गेला तर बाकीच्या दहा जणींची पत बिघडणार. पाण्याचं वेगळं बघू, सातबारा, आठ-अ घेऊन सोमवारी ऑफिसला या.