‘प्रोव्हिजनिंग’ म्हणजे तरतूद नव्हे

प्रश्न असा आहे: कंपनीच्या आयटी विभागाचं पोर्टल मराठीत आणायचं आहे. क्लाउडमधले, म्हणजे नेटवर्कवरून वापरायला मिळणारे, सर्व्हर आणि डिस्क कर्मचारी त्यावरून मागतात. त्यात ‘सेल्फ-सर्व्हिस क्लाउड कॅटलॉग’साठी ‘स्वयंसेवा मेघसूची’ आणि ‘प्रोव्हिजनिंग’साठी ‘तरतूद’ असे शब्द सुचवले गेले आहेत. ते चालतील का?

‘तरतूद’ चालणार नाही. तरतूद म्हणजे पुढच्या गरजेसाठी आधीच बाजूला काढून ठेवणं. अर्थसंकल्पात रस्त्यासाठी तरतूद झाली म्हणून रस्ता झाला असं कोणी म्हणत नाही. निधीचं वितरण आणि प्रत्यक्ष काम त्यानंतर येतं. क्लाउडमध्ये या तरतुदीच्या जागी असतो तो कोटा: अमुक विभागाला ४० व्हीसीपीयूपर्यंत (आभासी प्रोसेसर) वापरता येतील, एवढं ठरवून ठेवणं. प्रोव्हिजनिंग त्याच्या पुढचं. मागणी मंजूर झाली की टेम्प्लेट (ठरलेल्या पायऱ्यांचा साचा) चालतं, सबनेटमधून (नेटवर्कच्या एका तुकड्यातून) आयपी पत्ता, म्हणजे मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता, घेतला जातो, व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरनं बनवलेला सर्व्हर) तयार होतं, डिस्क जोडली जाते, डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत) नाव चढतं, बॅकअप आणि मॉनिटरिंग सुरू होतं, सीएमडीबीत (आयटीच्या साधनांच्या नोंदवहीत) नोंद पडते आणि मागणाऱ्याला मेल जातो. एवढ्या सगळ्याला मराठीत सरळ शब्द आहे: उभारणी. ‘सर्व्हर उभा केला’ असं मराठी बोलणारे इंजिनिअर म्हणतातच.

उभारणीचा दुसरा फायदा म्हणजे तिची उलट क्रिया तयारच मिळते. मांडव उभारतात आणि कार्य झालं की उतरवतात. ‘डीप्रोव्हिजनिंग’साठी ‘तरतूद रद्द करणे’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल बजेट गेलं. ‘सर्व्हर उतरवा’ लिहिलं की कळतं, उभं केलेलं काढून जागा मोकळी करायची आहे. मांडव उतरवताना बांबू, कनाती, दिवे मोजून परत जातात. सर्व्हरचंही तसंच व्हायला हवं, आणि नेमकं तिथेच बिघडतं. मशीन जातं, पण डिस्क मागे राहते आणि तिचं भाडं चालू राहतं. डीएनएसमधलं नाव तसंच राहतं आणि पुढे तोच आयपी दुसऱ्याला मिळाला की जुनं नाव भलत्याच मशीनकडे बोट दाखवतं.

शब्द चुकला तर माणूस चुकीच्या दारात कसा जातो, याचं एक उदाहरण. ॲमेझॉनच्या क्लाउडमध्ये ‘/२४’ आकाराच्या सबनेटात २५६ पत्ते असतात. त्यातले ५ ॲमेझॉन कंपनी स्वतःकडे राखते, उरतात २५१. उतरवलेल्या मशीनचे नेटवर्क इंटरफेस (पत्ता धरून ठेवणाऱ्या जोडण्या) मागे राहिले तर ते पत्ते अडकून राहतात, आणि कोटा शिल्लक असूनही नवी मागणी फसते. अशा वेळी पडद्यावर ‘तरतूद अयशस्वी’ दिसलं तर मागणारा कोटा वाढवायला साहेबांकडे जाईल. ‘उभारणी थांबली: सबनेटमध्ये मोकळा आयपी पत्ता नाही’ असं दिसलं तर तो नेटवर्कवाल्यांकडे जाईल, आणि काम तिथेच व्हायचं आहे.

आता ‘स्वयंसेवा’. स्वयंसेवक, स्वयंसेवी संस्था या शब्दांनी तिचा अर्थ पक्का केला आहे: मोबदल्याविना स्वेच्छेनं केलेली सेवा. ‘स्वयंसेवा पोर्टल’ वाचून रक्तदान शिबिरासाठी नाव नोंदवायचं आहे असं वाटेल. अमेरिकेच्या निस्ट या सरकारी मानक संस्थेनं सप्टेंबर २०११च्या व्याख्येत क्लाउडचं पहिलं लक्षण सांगितलं ते हेच: सेवा देणाऱ्याच्या माणसाशी गाठ न पडता, हवं तेव्हा, आपलं आपण घेता येणं. म्हणजे भर सेवेवर नाही, मध्ये कोणी नसण्यावर आहे. ‘थेट भरती’, ‘थेट विक्री’ यांत ‘थेट’ हेच काम करतो. म्हणून ‘थेट मागणी’. आपल्याच वरिष्ठाची मंजुरी लागली तरी मागणी थेटच राहते. देणाऱ्याकडचा माणूस मध्ये आला तर नाही. बटणावर मात्र ‘विनंती करा’ नको, ‘मागणी नोंदवा’ हवं, म्हणजे पुढे ‘मागणीची पूर्तता’ही सहज जुळतं.

कॅटलॉगला ‘यादी’ म्हणू नये. वाण्याकडे द्यायची यादी घेणारा लिहितो. कॅटलॉग देणारा मांडतो, आणि त्यात नसलेलं मागता येत नाही. साड्यांचा कॅटलॉग घरोघरी माहीत आहे, तेव्हा ‘कॅटलॉग’ ठेवला तरी हरकत नाही. संस्कृत वळण हवंच असेल तर ‘सेवासूची’. ‘मेघ’ नको, क्लाउडच बरा.

एक शब्द सरकारी मराठीतून घ्यावा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ प्रमाणे कार्यालयांत जे फलक लागतात, त्यांवर प्रत्येक सेवेपुढे ‘नियत कालमर्यादा’, ‘पदनिर्देशित अधिकारी’ आणि ‘अपील प्राधिकारी’ लिहिलेले असतात. ‘एसएलए’साठी (सेवा किती वेळात आणि कशी द्यायची याची हमी) ‘सेवापातळी करार’ असलं काही घडवण्यापेक्षा कॅटलॉगच्या प्रत्येक नोंदीपुढे ‘कालमर्यादा: ४ तास’ लिहावं. मागणाऱ्याला तेवढंच हवं असतं.

स्थिती दाखवणारे शब्द मग असे लागतील: मागणी नोंदली, मंजुरी बाकी, उभारणी सुरू, वापरास तयार, उभारणी थांबली, मुदत संपत आली, उतरवला. ‘मुदत संपत आली’ वगळू नका. मागणीच्या फॉर्ममध्ये मुदतीचा रकाना सक्तीचा नसेल, तर चाचणीसाठी पंधरा दिवसांकरता घेतलेलं मशीन वर्षभर बिल वाढवत राहतं.