चिंतन दिनाला भाषणं नकोत, मग मुलांकडून काय करून घ्यावं?

तुमचा प्रश्न असा आहे : शाळेतल्या स्काऊट-गाईडचं काम यंदा नव्याने तुमच्याकडे आलंय, २२ फेब्रुवारीचा चिंतन दिन दरवर्षी प्रतिमापूजन आणि दोन भाषणांत आटोपतो, आणि किनाऱ्यावरच्या छोट्या गावात आंतरराष्ट्रीय मैत्री म्हणून मुलांना दाखवायचं तरी काय? मी मालवणकडच्या एका शाळेत गाईड कॅप्टन, म्हणजे मुलींच्या पथकाची शिक्षिका आहे. आमच्याकडे जे जमतं ते सांगते.

आधी हा दिवस आला कुठून ते मुलांना सांगा. स्काऊट चळवळीचे संस्थापक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ चा आणि त्यांच्या पत्नी ऑलेव्ह यांचा २२ फेब्रुवारी १८८९ चा. दोघांची तारीख एकच, हे ऐकूनच मुलं कान टवकारतात. १९२६ साली अमेरिकेत गाईडची आंतरराष्ट्रीय परिषद झाली, तिथे ठरलं की वर्षातून एक दिवस जगभरच्या गाईडनी एकमेकींची आठवण काढायची, आणि त्यासाठी हीच तारीख निवडली. पुढे १९३२ मध्ये पोलंडच्या परिषदेत बेल्जियमच्या प्रतिनिधीने मुद्दा काढला की वाढदिवस म्हटला की भेट आलीच, मग दुसऱ्या देशांतल्या मैत्रिणींसाठी प्रत्येकीने थोडं काही का देऊ नये? ऑलेव्हबाईंनी त्याच वर्षी पत्र लिहून प्रत्येकीकडे एकेक पेनी मागितली. त्यातून चिंतन दिनाचा निधी उभा राहिला, तो आजही चालू आहे. बऱ्याच शाळांत हा भाग गाळला जातो. माझ्या मते या दिवसाचा जीव याच नाण्यात आहे.

पण ते नाणं आईच्या पर्समधलं नको. 'खरी कमाई', म्हणजे मुलांनी स्वतः कष्ट करून पैसे मिळवायचा उपक्रम, आपल्या स्काऊट-गाईडमध्ये आहेच, तो याच आठवड्यात घ्या. फेब्रुवारीत आमच्याकडे ओले काजूगर येतात, उन्हं तापायला लागतात, त्यामुळे कोकम सरबत हातोहात खपतं. मुली बाजाराच्या दिवशी टेबल मांडतात, हिशोब संघनायिका, म्हणजे त्यांच्या गटाची प्रमुख मुलगी, ठेवते. घरून आणलेल्या सामानाचे पैसे आधी वजा करायला लावा. उरतील तेवढेच मुलींचे. गल्ल्यात कमी दिसले तरी चालतील, पण ते कष्टाचे असावेत यावर मी अडून बसते.

आता दुसरा देश. पन्नास देशांचे झेंडे रंगवून भिंतीला चिकटवू नका, मुलांना त्यातला एकही आठवत नाही. ज्या देशाशी तुमच्या गावाचा धागा आहे तो एकच घ्या. आणि किनाऱ्यावर असा धागा नसलेलं गाव मला तरी माहीत नाही. रत्नागिरीकडे घराघरांतून माणसं कुवेत-कतारला आहेत, कुठे कुणाचा काका बोटीवर आहे. आणि ट्रॉलरवरचे खलाशी, आंब्याच्या बागांतले राखणदार कोण असतात? नेपाळची माणसं. त्यांची मुलं आपल्याच वर्गात बसतात, आणि आपण आंतरराष्ट्रीय मैत्रीवर भाषण शोधत फिरतो!

आमच्या गाईडमधल्या एका मुलीचे वडील आंब्याच्या बागेवर राखण करतात. तिच्या आईला आम्ही शाळेत बोलावलं. सुरुवातीला त्या दारातच उभ्या राहिल्या, आत येईनात. मग भिजवलेले तांदूळ वाटून, तूप-साखर घालून त्यांनी पीठ तयार केलं आणि मुठीतून धार सोडत कढईत गोल कडं काढलं. ती नेपाळची सेलरोटी. तेलातून वर आलेलं ते भोकाचं कडं बघून आमच्या मुली ओरडल्या, "बाई, ह्ये तर आमचेच वडे!" मग त्या हसल्या आणि बोलत्या झाल्या. त्यांच्या गावातून शाळेला किती चढावं लागतं, समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा काय वाटलं, सगळं मुलींनी विचारून घेतलं. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी त्यांची मुलगी त्या दिवशी दुभाषी होती. नेपाळमध्येही स्काऊट-गाईड आहेत हे मी शेवटी सांगितलं, तेव्हा तिथल्या मुलींना पत्र लिहायचं मुलींनीच काढलं. आपल्या नियमांतला तिसरा नियम, सगळ्यांचा मित्र असण्याचा, पाठ सगळ्यांनाच असतो. तो वागून बघायला मात्र असा दिवस लागतो.

संध्याकाळचा कार्यक्रम छोटा ठेवा. ओहोटीच्या वेळी पुळणीवर तीन पाकळ्यांचं गाईडचं चिन्ह शिंपल्यांनी काढा. जागतिक गाईड संघटनेचे पाच विभाग आहेत : आफ्रिका, अरब देश, आशिया-पॅसिफिक, युरोप आणि दोन्ही अमेरिका. त्यांच्या नावाने पाच मेणबत्त्या लावा, पण करवंटीत उभ्या करून, नाहीतर खारा वारा एक टिकू देणार नाही. सर्वधर्म प्रार्थना, मग प्रत्येकीने आपलं नाणं डब्यात टाकायचं. स्काऊटनाही सोबत घ्या. संस्थापकांचा हा वाढदिवस जितका गाईडचा, तितकाच स्काऊटचाही आहे.

व्यवहाराचं थोडं. हे दिवस बोर्डाच्या परीक्षांचे असतात, शाळा केंद्र असेल तर वर्ग मिळणार नाहीत, म्हणून मंदिराचं आवार किंवा किनारा आधीच ठरवा. भरतीची वेळ कोळीवाड्यात विचारून घ्या. निधी पुढे कसा पाठवायचा ते जिल्हा संघटकांकडून समजून घ्या, आणि किती जमले, कुठे गेले ते मुलांना फळ्यावर लिहून दाखवा.

आणि पुढच्या वर्षी सहल काढणार असाल तर पुण्याच्या 'संगम'चा विचार करा. जगात गाईडची पाच जागतिक केंद्रं आहेत, त्यातलं एक आपल्या महाराष्ट्रात आहे. १९६६ साली खुद्द ऑलेव्हबाई त्याच्या उद्घाटनाला आल्या होत्या. परदेशी गाईड तिथे येऊन राहतात, काम करतात. आपल्याकडून एसटीने एका दिवसाचा प्रवास. जायच्या बऱ्याच आधी पत्र पाठवून परवानगी घ्या, आणि ते पत्र मुलींकडूनच लिहून घ्या.