अराज्यवाद (अॅनार्किझम) वाचायला घेताय? मग आधी हे वाचा

पहिलं म्हणजे ‘अराजक’ हा शब्द बाजूला ठेवा. अराज्यवाद्यांना व्यवस्था हवीच असते, नको असते ती वरून हुकूम सोडणारी सत्ता. पंथांची नावंही पाठ करत बसू नका. त्याऐवजी एखादा सुतारकामाचा कारखाना डोळ्यांसमोर आणा आणि विचारा, तिथं बनलेलं टेबल कोणाचं?

फ्रेंच अराज्यवादी विचारवंत प्रूदाँ म्हणेल, राबणाऱ्याचं. त्यानं ते खुशाल विकावं, पण न राबता भाडं खाणारा मालक नको. रशियन क्रांतिकारक बाकुनिन म्हणेल, कारखाना सगळ्यांचा, मोबदला ज्याच्या त्याच्या कामाप्रमाणे. त्याच्याच देशाचा विचारवंत क्रोपोत्किन मात्र मुळालाच हात घालतो: काम मोजणार कसं? करवत शोधली कुणी, लाकूड आणलं कुणी, रस्ता बांधला कुणी? म्हणून ज्याची जशी गरज तसं त्यानं घ्यावं. मला हाच युक्तिवाद सर्वांत खोल वाटतो, सुरुवात त्याच्यापासूनच करा. व्यक्तिवादी जर्मन विचारवंत स्टर्नर नंतर वाचला तरी चालेल.

कामगार संघटनांचा पंथ मात्र इतिहासातूनच कळतो. १९३६ साली स्पेनमधल्या बार्सिलोनात कामगारांनी ट्राम स्वतः ताब्यात घेऊन चालवल्या. त्याच नोव्हेंबरात त्यांच्या सीएनटी या अराज्यवादी कामगार संघटनेचे चौघे स्पेनच्या सरकारात मंत्री झाले. राज्यसंस्थाच नको म्हणणारे तिथवर का गेले, यावर घाई न करता विचार करा.