सीएनसीची वायरिंग: पैसे आधी स्पिंडलच्या केबलवर

मित्रा, सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञेवर चालणाऱ्या कटिंग मशीनमध्ये सगळ्यात जास्त नॉइज (विजेचा गोंगाट, जो सिग्नल बिघडवतो) व्हीएफडी (स्पिंडलचा वेग बदलणारा ड्राइव्ह) ते स्पिंडल (कटर फिरवणारी मोटर) या केबलमधून पसरतो, म्हणून खर्च तिथे कर. जाळीचं शील्ड असलेली चार कोरची केबल घे, शील्ड दोन्ही टोकांना अर्थ कर. लिमिट स्विचच्या (मशीन हालचालीच्या टोकाला पोहोचल्याचं सांगणारा स्विच) केबलचं शील्ड मात्र फक्त कंट्रोलरच्या बाजूला जोड. स्विच एनसी (एरवी जोडलेला, दाबल्यावर सर्किट तोडणारा) वापर. वायर तुटली तर मशीन लगेच थांबतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. नेमा २३ मापाच्या स्टेपर मोटरला (टप्प्याटप्प्याने फिरणारी मोटर) ०.७५ चौरस मिमीची वायर पुरते. ड्रॅग चेनमध्ये (हलत्या केबल सांभाळणारी साखळी) बारीक तारांची लवचीक केबलच टाक. स्क्रू टर्मिनलसाठी वायरला कथील लावू नकोस, पिन लग (तारेच्या टोकावर बसवायची धातूची पिन) क्रिंप कर, म्हणजे दाबून बसव. जीएक्स१६ (गोल, फिरवून आवळायचे) कनेक्टर चांगले, पण सप्लाय चालू असताना स्टेपरचा कनेक्टर कधीही काढू नकोस, ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) जळू शकतो.